ईमेल शोधून देणारं टूल तीन महिने वापरलं, पाचपैकी दीड स्टार

भोसरी एमआयडीसीत माझ्या मामाचं वर्कशॉप आहे. मशीनचे सुटे भाग बनवतो, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), तीन सीएनसी टर्निंग आणि एक जुनं लेथ, ज्याला मामा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मी तिथे कोटेशन, बिलं आणि नवीन कामं आणायचं बघते. गेल्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डर निम्म्यावर आणली आणि नवीन कंपन्या गाठणं भागच पडलं. आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्यांची अडचण माहितीच असेल, कंपनीच्या साइटवर इन्फो अ‍ॅट अमुक तमुक असा एकच पत्ता असतो, तिथे टाकलेला मेल कोण उघडतं कुणास ठाऊक, आणि पर्चेसमधल्या ज्या माणसाला ड्रॉइंग कळतं त्याचा मेल काही केल्या मिळत नाही.

म्हणून ईमेल शोधून देणारं एक टूल घेतलं. माणसाचं नाव आणि कंपनी टाकली की ते त्याचा ऑफिसचा मेल काढून देतं, क्रोममध्ये त्याचं एक्स्टेन्शन टाकलं की लिंक्डइनवर कुणाचंही प्रोफाइल उघडल्यावर बाजूला पट्टी येते, तिच्यात मेल आणि बऱ्याचदा मोबाइल नंबरसुद्धा. महिन्याला चार हजारांच्या आसपास पडतं, तेवढ्यात ठरावीक क्रेडिट मिळतात, एक पत्ता उघडला की एक क्रेडिट गेलं. टूलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. मी जे लिहिणारे ते या प्रकारच्या बऱ्याच टूल्सना कमीजास्त लागू आहे, आणि एक नाव वाचून लोक म्हणतील ठीके मग दुसरं घेऊ, तसं व्हायला नको.

आधी चांगलं सांगते. वेळ वाचतो हे खरंय. एका कंपनीचं डोमेन, म्हणजे मेलमध्ये अॅटच्या पुढचं नाव, टाकलं की तिथल्या वीस-पंचवीस लोकांची यादी हुद्द्यासकट समोर येते, जी हाताने काढायला मला दोन दिवस लागले असते. पत्ता चालू आहे की बंद हे तपासायची सोय पण कामाची आहे, आमच्याकडे मामाच्या डायरीतले दहा-दहा वर्षं जुने पत्ते होते, त्यातले मेलेले कुठले ते एका संध्याकाळी कळलं. दीड स्टार आहे तो एवढ्यासाठीच.

आता हे पत्ते येतात कुठून ते बघा, कारण घेताना मी हा प्रश्न विचारलाच नव्हता आणि पुढचं सगळं त्याच्यातूनच आलं.

पहिला मार्ग सरळ आहे, वेबसाइटी चाळायच्या. कॉलेजचं पान, टेंडरची पीडीएफ, कुठल्यातरी सेमिनारची पत्रिका, जिथे कुठे पत्ता दिसेल तो उचलून ठेवायचा. दुसरा अंदाजाचा. एका कंपनीतल्या चार लोकांचे पत्ते नाव डॉट आडनाव असे असले की पाचव्याचा पण तसाच असणार, मग तो बनवायचा आणि त्या कंपनीच्या मेल सर्व्हरला विचारायचं की बाबा हा माणूस तुझ्याकडे आहे का. सर्व्हर २५० आकडा देतो म्हणजे आहे, ५५० देतो म्हणजे नाही, आणि उत्तर मिळालं की मेल न पाठवताच संपर्क तोडून टाकायचा. म्हणजे दार वाजवायचं, आतून कुणी ओ दिली की निघून जायचं आणि वहीत लिहायचं की या घरात माणूस राहतो. काही कंपन्यांचे सर्व्हर सगळ्यालाच हो म्हणतात, त्याला कॅच-ऑल म्हणतात, तिथे हे टूल पिवळा टिक दाखवतं पण क्रेडिट पूर्ण कापून घेतं. माझ्या पहिल्या दोनशे पत्त्यांवरचे तीसेक मेल न पोहोचता परत आले आणि त्यातले बहुतेक असे पिवळे होते.

तिसरा मार्ग म्हणजे वापरणाऱ्यांचेच मेलबॉक्स. त्याच्यावर नंतर येते.

तीस मेल परत आले तर काय बिघडलं असं मला वाटलं होतं. मामाला पण तेच सांगितलं. पण मेल परत येणं म्हणजे पोस्टातून पाकीट परत येण्यासारखं नसतं, इथे प्रत्येक परतीची नोंद आपल्या डोमेनच्या नावावर होते. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत, जीमेलला दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच आपल्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सोयी) हे तिन्ही लावावे लागतात आणि एका क्लिकवर नाव काढायची सोय द्यावी लागते. आम्ही त्या ५००० च्या आसपास पण नव्हतो. पण लोकांनी स्पॅमचं बटण दाबण्याचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा ही अट लहानमोठ्या सगळ्यांना आहे, म्हणजे हजार मेलमागे तीन माणसं. आपल्याला न ओळखणाऱ्या हजार लोकांपैकी तिघांनी वैतागून बटण दाबणं काय अवघड आहे सांगा. त्यात जुन्या मेलेल्या पत्त्यांचे सापळे करून ठेवलेले असतात, त्यांना स्पॅम ट्रॅप म्हणतात, तिथे मेल गेला की पाठवणाऱ्याने यादी कुठून तरी उचललीये हे लगेच कळतं आणि नाव काळ्या यादीत जाऊ शकतं.

आमच्यावर काय वेळ आली तर चाकणच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मामाला फोन आला, अहो कोटेशन पाठवणार होतात ना, चार दिवस झाले. मी तर त्याच दिवशी पाठवलं होतं. ते त्यांच्या स्पॅममध्ये जाऊन पडलं होतं. अकरा वर्षांचं गिऱ्हाईक, दर महिन्याला काम देणारं, आणि आमचा मेल त्यांच्याकडे कचऱ्यात. मामा मला काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "अगं, आता पाठवलं की फोन पण करत जा." ते ऐकून मला जास्तच लागलं. नंतर दीड महिना प्रत्येक कोटेशनमागे फोन करत होते मी, मिळालं का, स्पॅममध्ये बघा, नॉट स्पॅम करा म्हणून.

इथपर्यंत तरी नुकसान आमचंच होतं. मग जर्मनीहून एक उत्तर आलं.

मी तिथल्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसाला मेल टाकला होता, चांगला मनापासून लिहिलेला, आमच्या मशीनची यादी, टॉलरन्स, फोटो. त्याचं उत्तर दोन ओळींचं. माझा हा पत्ता तुम्हाला कुठून मिळाला ते कळवा, आणि माझी जी माहिती तुमच्याकडे आहे ती द्या आणि मग काढून टाका. भाषा अगदी सभ्य होती. मी पत्ता नीट बघितला तेव्हा लक्षात आलं की त्यात नावाच्या पुढे अधिकचं चिन्ह आणि एका प्रदर्शनाचं नाव होतं. जीमेलवर वगैरे असं करता येतं, आपल्या पत्त्यात अधिक टाकून काहीही शब्द लिहा, मेल आपल्यालाच येतो, पण तो पत्ता कुणाला दिला होता ते कळतं. म्हणजे या माणसाने तो पत्ता आयुष्यात एकदाच, प्रदर्शनाची नोंदणी करताना दिला होता. असा पत्ता अंदाजाने बनवता येत नाही. कुणीतरी ती यादी पुढे दिली, तिथून ती या टूलमध्ये आली, आणि मी चार हजारांत विकत घेतली.

टूलच्या सपोर्टला विचारलं की याचा उगम काय. उत्तर आलं, आमची सगळी माहिती सार्वजनिक स्रोतांमधून घेतलेली असते. मी पुन्हा विचारलं कुठला सार्वजनिक स्रोत, लिंक द्या. पुन्हा तेच वाक्य, तिसऱ्यांदा पण तेच. शेवटी मी त्या माणसाला खरं ते लिहिलं, अमुक टूलमधून घेतला, त्यांना विचारलं तर ते सांगत नाहीत, तुमचं नाव मी काढून टाकलंय, माफ करा. त्याने आभार मानले आणि लिहिलं की आता मी त्यांनाच लिहितो.

त्यानंतर मी नियम वाचायला बसले. खरं तर हे आधी करायला हवं होतं. युरोपात जीडीपीआर हा लोकांच्या खाजगी माहितीचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्याच्या १४ व्या कलमात असं आहे की एखाद्याची माहिती तुम्ही त्याच्याकडून न घेता दुसरीकडून मिळवली असेल तर त्याला ते सांगायला लागतं, जास्तीत जास्त महिनाभरात, आणि ती माहिती त्याला संपर्क करायलाच वापरणार असाल तर पहिल्या संपर्कातच. कुठून मिळवली ते पण सांगायचं. जर्मनीत तर त्याच्या वर स्पर्धा कायद्याचं ७ वं कलम आहे, जाहिरातीचा मेल पाठवायला आधी स्पष्ट संमती लागते, समोरचा कंपनीतला माणूस असला तरी. म्हणजे माझा मेल तिथे मुळातच नियमाबाहेर होता. अमेरिकेत उलट आहे, २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात आधी संमती लागत नाही, पण स्वतःचा खरा पोस्टाचा पत्ता द्यावा लागतो आणि नको म्हणणाऱ्याचं नाव कामाच्या १० दिवसांत काढावं लागतं, आणि नियम मोडून पाठवलेल्या मेलचे पत्ते साइटवरून ओरबाडलेले किंवा अंदाजाने जुळवून बनवलेले असले तर गुन्हा आणखी गंभीर धरला जातो. टूलच्या जाहिरातीत मात्र जीडीपीआर कंप्लायंट असा हिरवा शिक्का मारलेला होता, आणि माझ्यासारखीला तो बघून वाटतं की चला, कायद्याचं त्यांनी बघितलंय. त्यांनी बघितलं असेल तर त्यांच्या बाजूचं. मेल पाठवणारी मी होते, आणि पाठवणाऱ्याची जबाबदारी त्या शिक्क्याने जात नाही.

हे फक्त कागदावर राहत नाही याची उदाहरणं आहेत. फ्रान्सच्या सीएनआयएल या, खाजगी माहितीच्या नियमांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कास्पर नावाच्या कंपनीला २,४०,००० युरो दंड केला. तेही असंच क्रोम एक्स्टेन्शन, लिंक्डइनवरून संपर्क काढून देणारं, त्यांच्याकडे सुमारे १६ कोटी लोकांचे संपर्क जमले होते. त्यात असेही लोक होते ज्यांनी लिंक्डइनवर आपले तपशील फक्त ओळखीच्यांनाच दिसावेत असं सेटिंग केलेलं होतं. लोकांना कळवायला सुरुवात केली ती चार वर्षांनी, आणि तेही फक्त इंग्रजी मेलने. पोलंडमधली २०१९ ची केस मला त्याहून जास्त बोलकी वाटते. एका कंपनीने सरकारी नोंदींमधून साठ लाखांहून जास्त लोकांची माहिती घेतलेली, त्यातल्या ज्यांचे मेल होते अशा सुमारे ९०,००० जणांना कळवलं, बाकीच्यांना पत्र पाठवायला खर्च फार येतो म्हणून सोडून दिलं, त्याबद्दल दंड झाला. पण बघण्यासारखं हे की ज्या ९०,००० ना कळवलं त्यातल्या १२,००० पेक्षा जास्त लोकांनी आमची माहिती वापरू नका म्हणून हरकत घेतली. विचारलं की लोक नाही म्हणतात. म्हणून तर कुणी विचारत नाही.

आपल्याकडे काय? फोन आणि एसएमएससाठी ट्रायचं डीएनडी आहे, १९०९ आहे, पण ईमेलला त्यातलं काही लागू नाही, आणि नुसत्या ईमेल स्पॅमसाठी वेगळा कायदा भारतात नाहीये. आयटी कायद्याच्या ६६अ कलमात त्रास देणाऱ्या मेलचा उल्लेख होता, पण ते अख्खं कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी ते रद्द होणं बरोबरच होतं, पण मेलच्या त्रासाची जागा रिकामी राहिली. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिलीये. दंड २५० कोटींपर्यंत आहे, आकडा मोठा आहे. पण त्याच कायद्यात लिहिलंय की माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. आणि ही टूलवाली मंडळी पहिलं वाक्य कुठलं सांगतात तर सार्वजनिक स्रोत. मी कंपनीच्या साइटवर माझा मेल टाकला तो ड्रॉइंग पाठवणाऱ्यासाठी टाकला, कुणी तो उचलून हुद्दा, मोबाइल, गाव जोडून कार्ड बनवून विकावं म्हणून नाही टाकला. हा फरक कायद्याने करायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तो तिसरा मार्ग.

जर्मनीवाल्या प्रकारानंतर सहज म्हणून मी टूलमध्ये माझंच नाव टाकून बघितलं. ऑफिसचा मेल होता, ते अपेक्षित होतं, साइटवर आहे. पण खाली माझा मोबाइल नंबर पण होता, एक क्रेडिट द्या आणि बघा. माझा नंबर आमच्या साइटवर नाही, लिंक्डइनवर नाही, कुठेच नाही. तो फक्त एका ठिकाणी आहे, मी गिऱ्हाइकांना पाठवते त्या मेलच्या खाली, सहीमध्ये. मग मामाचं नाव टाकलं, मामाचा पण होता. मग आमच्या अकाउंट्सच्या वहिनींचं टाकलं, ज्या लिंक्डइनवर नाहीतच, ज्यांचं नाव इंटरनेटवर कुठेही असायचं कारण नाही. त्या पण होत्या, हुद्द्यासकट.

टूल घेताना पहिल्याच दिवशी मेल तिथूनच पाठवता यावेत म्हणून मी ऑफिसचा मेलबॉक्स त्याला जोडला होता. परवानगीच्या पाटीवर लिहिलेलं होतं की हे अ‍ॅप तुमचे मेल वाचू शकेल, मी अलाउ दाबलं. अटींच्या पानावर बरंच खाली एक परिच्छेद आहे, मेलबॉक्स जोडणारा ग्राहक त्यातले व्यावसायिक संपर्क आमच्या संग्रहाला देतो अशा अर्थाचा, बंद करायचं असेल तर सेटिंगमध्ये तिसऱ्या पानावर बटण. म्हणजे मी महिन्याला चार हजार देत होते आणि वर मामाच्या अकरा-बारा वर्षांच्या गिऱ्हाइकांची यादी, त्यांच्या सहीतले नंबर, हे सगळं फुकट भरत होते. ज्या लोकांनी विश्वासाने आम्हाला स्वतःचा मोबाइल दिला त्यांचा. त्यांना मी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर एकानेही हो म्हटलं नसतं. आणि हे गुपचूप चालतं असंही नाही, अशा संग्रहांची पद्धतच आहे ही, फुकट किंवा स्वस्त देतो, बदल्यात तुझं अ‍ॅड्रेस बुक दे. दुसऱ्याचा पत्ता विकत घेणारा स्वतःच्या ओळखीच्यांचे पत्ते मोजून देतो तेव्हा संग्रह वाढतो. मला हे कळल्यापासून झोपच नीट लागली नाही दोन-तीन दिवस, कारण स्पॅममध्ये कोटेशन जाणं निस्तरता येतं, हे निस्तरता येत नाही.

का येत नाही तर हे संग्रह गळतात. २०१८ मध्ये अपोलो या सेल्सवाल्या कंपनीचा डेटाबेस पासवर्डशिवाय उघडा सापडला, त्यात १२ कोटी ६० लाख वेगवेगळे ईमेल पत्ते होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हेरिफिकेशन्स डॉट आयओ नावाच्या, पत्ते खरे आहेत का ते तपासून देणाऱ्या सेवेचा संग्रह असाच उघडा सापडला, ७६ कोटी ३० लाख पत्ते. तपासायला म्हणून दिलेल्या याद्या, त्या त्यांनी ठेवून घेतलेल्या. मग मी वर जे चांगलं म्हणाले, पत्ते तपासायची सोय, त्याच्याकडे पण आता मी संशयानेच बघते. हे आकडे हॅव आय बीन पोन्ड या साइटवर आहेत, ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये सुरू केलेली साइट आहे, आपला पत्ता टाकला की कुठल्या कुठल्या गळतीत तो होता ते दाखवते, फुकट आहे, आजच बघून घ्या.

महिन्याभराने वहिनींना एक मेल आला. आम्हाला धातूचे बार पुरवणाऱ्या सप्लायरच्या नावाने, बँक खातं बदललंय, या महिन्याचं पेमेंट नवीन खात्यात करा. खाली सही बरोबर, नाव बरोबर, वहिनींना नावाने हाक मारलेली. डोमेनमध्ये एक अक्षर वेगळं होतं. वहिनींनी सप्लायरला फोन लावला म्हणून वाचलं, रक्कम दोन लाखांच्या वर होती. हे त्या टूलमुळेच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही आणि तसा आरोप करत पण नाही. पण ज्या बाईचं नाव इंटरनेटवर नव्हतं तिचं नाव, हुद्दा आणि मेल कुणीही एका क्रेडिटमध्ये घेऊ शकत होतं हे मी स्वतः बघितलंय. असल्या खोट्या धंदेवाईक मेलमध्ये २०२३ या एका वर्षात एफबीआयकडे नोंदलेलं नुकसानच २.९ अब्ज डॉलर होतं. तुमच्याकडे असं काही झालं आणि पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

आणखी एक गोष्ट जी कुठल्या रिव्ह्यूमध्ये मला दिसली नाही. ही टूल्स नोकरी बदलली की नवीन पत्ता पण दाखवतात, ते त्यांचं विकायचं वैशिष्ट्य आहे. एखादी बाई त्रास देणाऱ्या नवऱ्यापासून किंवा मागे लागलेल्या कुणापासून लांब दुसऱ्या शहरात नोकरीला गेली असेल, नंबर बदलला असेल, तर तिचं नाव टाकणाऱ्याला तिची नवी कंपनी, गाव, नवा मोबाइल, सगळं एका पट्टीत मिळतं. हे घेताना मला कुणीही विचारलं नाही की तू कोण, तुला हे पत्ते कशाला हवेत. कार्ड चाललं की झालं.

मी काय केलं ते सांगते. आधी सेटिंगमध्ये जाऊन ते बटण बंद केलं, मग गूगलच्या अकाउंटमधून त्या अ‍ॅपची परवानगी काढली, कारण नुसतं टूलचं खातं बंद केलं तरी परवानगी तशीच राहू शकते, मग एक्स्टेन्शन काढलं, मग खातं बंद केलं. आमचे संपर्क काढा म्हणून लेखी मेल केला. उत्तर आलं की ज्याची माहिती त्यानेच अर्ज करायचा. म्हणजे भरताना माझी एकटीची परवानगी चालली आणि काढताना प्रत्येकाने वेगळा अर्ज करायचा. माझा, मामाचा, वहिनींचा असे तीन अर्ज केले, त्यांनी ओळख पटवायला सरकारी ओळखपत्राचा फोटो मागितला. तो मी दिला नाही. ज्या पत्त्यावरून अर्ज करतेय तोच पत्ता काढायचाय, याच्याहून वेगळी ओळख कशाला लागते असं लिहिलं, चार मेलनंतर ऐकलं. मग मी आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून फोन केले, सव्वीस जणांना, आणि काय झालं ते सांगितलं, नाव काढायच्या पानाची लिंक दिली. दोघं चिडले, त्यांचं बरोबर होतं. बाकीच्यांनी समजून घेतलं. मामा त्या सगळ्या फोनांना शेजारी बसून होता.

हे टूल घ्यायचंच असेल, कुणाकुणाची खरंच गरज असते हे मला कळतं, तर निदान असं घ्या जे प्रत्येक पत्त्यापुढे तो कुठल्या पानावर कधी दिसला ते दाखवतं. हंटर नावाचं टूल तसं दाखवतं, पत्त्याच्या खाली स्रोताच्या लिंक असतात, आणि ज्याला आपला पत्ता काढायचाय त्याच्यासाठी पण सोय आहे. लिंक असली की निदान तुम्ही बघू शकता की माणसाने हा पत्ता धंद्यासाठी दिलाय का मुलांच्या शाळेच्या पालक समितीच्या यादीतून उचललाय. मेलबॉक्स जोडू नका, काहीही झालं तरी. एक्स्टेन्शन टाकायचंच तर क्रोमचं वेगळं प्रोफाइल करा ज्यात ऑफिसचा मेल उघडा नसेल. मोबाइल नंबर देणारं टूल असेल तर मी म्हणेन घेऊच नका, नंबर ही वेगळीच गोष्ट आहे. पाठवायला मुख्य डोमेन वापरू नका असं बरेच जण सांगतात, दुसरं डोमेन घ्या म्हणतात. मला ते पटत नाही, आपल्या खऱ्या नावाने पाठवायची लाज वाटावी असा मेल पाठवायचाच कशाला.

आणि स्वतःला वाचवायचं असेल तर दर ठिकाणी अधिकवाला पत्ता द्यायची त्या जर्मन माणसाची युक्ती मी उचललीये, प्रदर्शन, वेबिनार, कॅटलॉग डाउनलोड, प्रत्येकाला वेगळा शब्द. आयफोनवाल्यांना हाइड माय ईमेल आहे, फायरफॉक्सचं रिले आहे, दोन्ही आपला खरा पत्ता लपवून वेगळा पत्ता बनवून देतात, तेही चांगलं. जीमेलमध्ये बाहेरची चित्रं दाखवायच्या आधी विचारा हे सेटिंग लावून टाका, कारण अशा मेलमध्ये एक न दिसणारं चित्र असतं, ते लोड झालं की पाठवणाऱ्याला कळतं तुम्ही मेल उघडला आणि पत्ता जिवंत आहे. मेलच्या सहीतून मी मोबाइल काढून टाकला, तिथे आता वर्कशॉपचा लँडलाइन आहे, जो मामाने इतकी वर्षं हट्टाने ठेवलेला होता.

कामाचं म्हणाल तर तीन महिन्यांत त्या टूलमधून सहाशेच्या आसपास मेल गेले, उत्तरं नऊ आली, त्यातली चार नको म्हणणारी, ऑर्डर शून्य. त्याच काळात आमच्या फोर्जिंगवाल्याने त्याच्या ओळखीच्या एका रांजणगावच्या कंपनीत मामाचं नाव सांगितलं, मी त्यांच्या साइटवरचा व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरला, रिसेप्शनला फोन करून विचारलं की टर्निंगचे पार्ट कोण बघतं, त्यांनी विचारून घेऊन मग मेल दिला. तिथली ट्रायलची ऑर्डर गेल्या महिन्यात गेली, चाळीस बुश, सगळे पास झाले.

आमचे तिघांचे पत्ते त्या टूलमधून निघालेत, पुन्हा शोधून बघितलं. पण त्यांच्याकडून आणखी दोन ठिकाणी गेलेले दिसले, तिथे अर्ज टाकलेत. एकाने काढलं. दुसऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही, अर्ज टाकून एकोणीस दिवस झालेत, दर सोमवारी आठवण पाठवतेय.